तुलाभाराचं सोनं : उपभोग, ओळख आणि कृतार्थ जगणं



स्मृतिव्याख्यानासाठी लोक जमतात, तेव्हा गेलेल्या माणसाच्या घरात काय काय होतं याची यादी कुणी वाचत नाही. त्याने काय केलं, कुणाला काय शिकवलं, कुणाच्या अडीअडचणीला तो धावून गेला, हेच बोललं जातं. जिवंतपणी मात्र आपण एकमेकांना वेगळ्याच मापाने मोजतो. फ्लॅट किती बेडरूमचा, गाडी कुठली, मुलगा कुठल्या देशात, लग्न कुठल्या लॉनवर आणि ताट कितीचं. माणूस गेल्यावर जे माप कुणी हातात धरत नाही, त्या मापात बसण्यासाठी आपण उभा जन्म खर्च करतो. हे असं का होतं आणि यातून वाट कशी निघते, एवढाच माझा आजचा विषय आहे.

त्यासाठी मी आपल्याला तमिळनाडूत, कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरमला नेणार आहे. कुंभकोणमच्या नैर्ऋत्येला सात-आठ किलोमीटरवरचं हे गाव. भोवती भातशेती, मधे धेनुपुरीश्वराचं मोठं देऊळ. कामधेनूची मुलगी पट्टी हिने इथे शिवाची पूजा केली, अशी स्थळकथा आहे. आज इथली दुर्गा अधिक प्रसिद्ध आहे. राहुकाळात तिच्यापुढे दिवे लावायला दुरून माणसं येतात.

गावाला लागूनच पळैयारै आहे. हे एके काळी चोळांचं राजधानीचं नगर होतं. दुर्गेची मूर्ती चोळांच्या वाड्यातूनच इथे आली, असं मानतात. शेजारच्या एका वस्तीच्या नावात चोळांचा वाडा अजून शिल्लक आहे, पण वाडा मात्र शिल्लक नाही. ज्या राजांची आरमारं समुद्रापलीकडे गेली, त्यांचा एकही राजवाडा आज उभा नाही. त्यांची शय्या, पडदे, भांडी, सगळं मातीला मिळालं. पण दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधलेलं दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर इथून जवळच उभं आहे. 2004 साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. त्या राजांचे कालवेही आजवर शेतांना पाणी देत आले आहेत. जे स्वतःसाठी होतं ते गेलं आणि जे इतरांच्या उपयोगाचं होतं ते लोकांनी राखलं.

पट्टीश्वरमच्या देवळात गोविंद दीक्षित आणि त्यांच्या पत्नी नागम्मा यांच्या मूर्ती आहेत. तंजावरच्या नायक राजांचे हे प्रधान. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्याच्या आरंभी, सेवप्पा, अच्युतप्पा आणि रघुनाथ अशा तीन राजांच्या काळात त्यांनी कारभार पाहिला. कुंभकोणमच्या महामहम तलावाकाठी सोळा मंडप आहेत, ते गोविंद दीक्षितांनी बांधवले. राजाची सोन्याने तुला झाली आणि त्या सोन्यातून हे काम झालं, अशी परंपरा आहे. एका मंडपात तुलाभाराचा प्रसंग कोरलेलाही आहे. दर बारा वर्षांनी तिथे महामहमचं पर्व येतं आणि लाखो माणसं त्या तलावात उतरतात. मागचं पर्व 2016 मध्ये झालं, पुढचं 2028 मध्ये आहे.

तागडीच्या एका पारड्यात माणूस आणि दुसऱ्यात सोनं. आपणही रोज याच तागडीत बसतो. फरक एवढाच, की आपलं बसणं पारडं जड दिसावं म्हणून असतं आणि सोनं शेवटी आपल्याच कपाटात जातं. राजाच्या त्या तुलेतलं सोनं दगड झालं, पायऱ्या झालं, उन्हातान्हात आलेल्या वाटसरूची सावली झालं. चारशे वर्षांनंतरही गोविंद दीक्षितांची ओळख सांगताना लोक त्या सोन्याचं वजन सांगत नाहीत, मंडप दाखवतात.

आता थोडं आपल्या काळाकडे येतो. वस्तूची हौस माणसाला पूर्वापार आहे. तिला दोष देण्यासाठी मी उभा नाही. विसाव्या शतकात मात्र एक नवी गोष्ट झाली. वस्तू विकणाऱ्यांनी वस्तूबरोबर माणसाला त्याची ओळखही विकायला सुरुवात केली. याचा एक ठसठशीत दाखला 1929 सालचा आहे. त्या वर्षी ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर काही तरुण स्त्रिया मिरवणुकीत सिगारेट ओढत चालल्या. स्त्रियांनी रस्त्यावर सिगारेट ओढणं तेव्हा शिष्टसंमत नव्हतं. सिगारेटला त्यांनी स्वातंत्र्याची मशाल म्हटलं आणि वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. या देखाव्यामागे एडवर्ड बर्नेज हा प्रसिद्धीतज्ज्ञ होता आणि त्याला पैसे तंबाखू कंपनी देत होती. स्त्रीची स्वातंत्र्याची आस खरी होती. ती हेरून तिच्या जागी एक पाकीट ठेवण्यात आलं.

तिथून आजवरच्या जाहिराती आठवून पाहा. बूट विकताना जिद्द विकतात. फोन विकताना वेगळेपण विकतात. गृहप्रकल्पाच्या फलकावर घराचं क्षेत्रफळ कोपऱ्यात असतं आणि ‘तुमच्या यशाला साजेसं’ हे शब्द ठळक असतात. बिनव्याजी हप्ता मिळतो, म्हणजे पगार होण्याआधीच ती ओळख हातात येते. लोकांना दिसावं म्हणून केलेल्या उपभोगाचं विवेचन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेनने 1899 सालीच केलं होतं. 1971 मध्ये ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं, की वाढीव सुखाची माणसाला लवकरच सवय होते आणि मन पुन्हा पूर्वीच्याच पातळीला येतं. नव्या गाडीचा वास जाईपर्यंत आनंद टिकतो, हे त्यांच्याआधी आपल्या आजीलाही ठाऊक होतं. नवीन एवढंच, की आता शेजाऱ्याची गाडी दिसायला खिडकीत उभं राहावं लागत नाही. साऱ्या जगाची गाडी, घर आणि सहल रात्री झोपण्याआधी आपल्या हातातल्या पडद्यावर येते.

कुंभकोणमही यातून सुटलेलं नाही. तिथल्या कॉफीचं नाव आज तमिळनाडूच्या महामार्गांवर कितीतरी फलकांवर दिसतं. पितळी पेला आणि डवरा समोर आला की झालं कुंभकोणम. परिसरातली नवग्रहांची नऊ देवळं एका दिवसात करवून देणाऱ्या सहली मिळतात. पहाटे निघायचं, फोटो काढायचे, रात्री परत. गाव एक छाप होऊन बसतं आणि यात्रा ही उरकायची यादी होते.

मग यावर उपाय काय? आपल्या परंपरेत एक तयार उत्तर आहे, वैराग्य. सगळं सोडा. हे उत्तर कुठे कमी पडतं ते सांगणारी गोष्ट याच मुलखातली आहे, आणि ती आपल्या घरची आहे.

1676 च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावरचे राजे झाले. कावेरीच्या खोऱ्यातला, भाताने भरलेला हा प्रांत. दुसऱ्याच वर्षी शिवाजीमहाराज दक्षिण दिग्विजयासाठी उतरले. भावाभावांची भेट झाली, वडिलांच्या दौलतीच्या वाटणीवरून बिनसलं, लढाई झाली आणि व्यंकोजीराजांच्या सैन्याचा पराभव झाला. पुढे तह झाला. महाराजांनी बंगळूर वगैरे मुलूख भावजयीला, दीपाबाईंना, चोळीबांगडीसाठी दिला. तंजावर व्यंकोजीराजांकडेच राहिलं. म्हणजे राज्य होतं, संपत्ती होती, कुटुंब होतं. तरी त्यांचं मन उडालं. खाण्यापिण्यावरची, कारभारावरची वासना गेली. थोरल्या भावाशी तुलना करता आपण कुणीच नाही, हे त्यांना आतून खात असावं, असं मला वाटतं. सगळं असून रितं वाटणं हा आजच्या सुखवस्तू घरांतला आजार तंजावरच्या वाड्यात साडेतीनशे वर्षांपूर्वी येऊन गेला होता.

ही बातमी कळल्यावर महाराजांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात धाकट्या भावाला एक पत्र लिहिलं. आमच्या इतिहासातल्या अत्यंत मायेच्या पत्रांपैकी ते एक आहे. त्याचा आशय असा : वडिलांनी किती संकटांतून दौलत उभी केली ते आठवा, शरीराची हेळसांड करू नका, विरक्तीचे दिवस पुढे येतील, आत्ताचे दिवस पराक्रमाचे आहेत, माणसं रिकामी बसवू नका, त्यांच्याकडून काम घ्या. या पत्रात महाराज भावाला आणखी काही घ्यायला सांगत नाहीत आणि आहे ते सोडायलाही सांगत नाहीत. ते त्याला उठायला सांगतात. उपभोग आणि वैराग्य दोन्हींत माणसाची नजर स्वतःवरच खिळलेली असते. ती तिथून हलवून हातातल्या कामावर आणि भोवतीच्या माणसांवर नेणं, हे त्या पत्राचं औषध आहे.

याच घराण्यात सव्वाशे वर्षांनी दुसरे सरफोजीराजे झाले. ते 1798 साली गादीवर आले आणि 1799 च्या तहाने इंग्रजांनी राज्याचा कारभार काढून घेतला. किल्ला, वर्षाला एक लाख होनांचा तनखा आणि महसुलातला काही हिस्सा एवढं त्यांच्याकडे राहिलं. राज्य नसलेला राजा म्हणजे कोण? हिंदुस्थानातल्या कितीतरी संस्थानिकांनी या प्रश्नाचं उत्तर शिकार, नाच आणि हिऱ्यांच्या खरेदीत शोधलं. सरफोजीराजांनीही खरेदी केली. परदेशी ग्रंथ, उपकरणं, चित्रं मागवली, 1820 च्या सुमारास काशीयात्रेला गेले तेव्हा हस्तलिखितं जमवली. पण त्या वस्तूंनी त्यांना कामाला लावलं. त्यांनी काढलेल्या धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग झाले. नेत्ररोग्यांवर उपचार झाले आणि रुग्णाच्या डोळ्याचं रंगीत चित्र काढून नोंदी ठेवल्या गेल्या. राजांनी छापखाना काढला आणि तिथे 1806 मध्ये इसापाच्या गोष्टी मराठीत, देवनागरीत छापल्या. त्या काळी पुण्या-मुंबईकडे मराठी छापील पुस्तक विरळाच होतं. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आज तीन हजारांच्या आसपास मराठी हस्तलिखितं आहेत. तिथल्याच बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरवलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास आजही वाचता येतो.

म्हणून वस्तू घेणं वाईट, असं मी म्हणत नाही. घेतलेली वस्तू आपल्याकडून काही करवून घेते का, हे पाहावं. पेटी घेतली आणि घरात गाणं आलं, सायकल घेतली आणि पाय गावोगाव फिरले, तर ती खरेदी माणसाला वाढवते. नुसती दाखवायला घेतलेली वस्तू आपल्याला तिचा राखणदार करून ठेवते.

तंजावरच्या मराठी कुटुंबांचंही असंच. राज्य 1855 साली संपलं. मराठी शाळा नाही, मराठी बाजार नाही, आणि तरी घरात मराठी बोलत ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या टिकली. सर टी. माधवराव 1828 मध्ये कुंभकोणमला अशाच घरात जन्मले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. बडोद्याला सयाजीराव महाराज लहान असताना कारभाराची घडी त्यांनी बसवली. या मंडळींनी आपलं वेगळेपण पेटीत जपून ठेवलं नाही, ते वाटलं. आपल्या कीर्तनातली साकी, दिंडी, ओवी तमिळ हरिकथेत गेली. तिकडच्या भजनसंप्रदायात अभंग गाणारे कितीतरी जण तमिळभाषक आहेत. कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला विठ्ठलाचं भव्य देऊळ उभं आहे. दुसऱ्याच्या गळ्यात उतरलेली ओळख बाजारातून विकत आणता येत नाही आणि कुणी हिरावूनही घेऊ शकत नाही.

कामातून घडणाऱ्या ओळखीचा आणखी एक दाखला पट्टीश्वरमहून जवळच, कुंभकोणमच्या पश्चिमेला, स्वामिमलैला आहे. पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींचं हे गाव. मूर्तीची मापं काढण्यासाठी ते नारळाच्या झावळीची एक पट्टी घेतात. मूर्तीच्या उंचीइतकी ती कापायची, मग घड्या घालत जायचं. घडी जिथे पडेल तिथे कपाळ, नाक, हनुवटी, नाभी, गुडघा. मेण आणि राळ मिसळून मूर्ती घडवायची. तिच्यावर कावेरीच्या गाळाची तलम माती थरावर थर चढवायची, वाळवायची. मग आच दिली की आतलं मेण वितळून बाहेर येतं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. तो थंड झाला की साचा फोडायचा. फुटलेल्या साच्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. त्यानंतर छिन्नी, कानस आणि घासकाम. डोळे सगळ्यांत शेवटी. चोळकाळात अशा रीतीने घडलेल्या मूर्तींसाठी जगभरच्या संग्रहालयांनी मोठं मोल मोजलं आहे, आणि त्यांवर घडवणाऱ्याचं नाव नसतं.

इथे मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर मी जुन्या काळाचे गोडवे गातो आहे असं होईल. जुन्या काळी माणसाची ओळख कामावरून ठरत होती हे खरं, पण ते काम जन्मावरून ठरत होतं. पट्टीश्वरममध्ये आणखी एक कथा सांगतात. सातव्या शतकात बालसंत संबंधर भर उन्हात इथे आले, शिवाने त्यांच्यासाठी मोत्यांचा मांडव पाठवला आणि भक्ताला नीट पाहता यावं म्हणून नंदीला बाजूला व्हायला सांगितलं. इथले नंदी आजही गाभाऱ्याच्या सरळ रेषेत नाहीत. दगडाचा नंदी सरकला, पण माणसं सरकली नाहीत. देवळांचे दरवाजे सर्व जातींना उघडण्यासाठी मद्रास प्रांतात 1939 पासून कायदे करावे लागले. ज्यांच्यावर जन्माने हीन ओळख लादली, त्यांना नवा कपडा, बूट, शहरातली खोली यांतून सुटकेचा श्वास मिळाला. डिसेंबर 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं, की जात ओळखू येईल असा पेहराव टाकून द्या, नीट लुगडं नेसा, स्वच्छ राहा. ते लुगडं चैन नव्हतं, मान होता. त्याच सभेत मुलामुलींना शिकवा असंही त्यांनी बजावलं. कपड्याने ताठ झालेली मान पुढे विद्येने ताठ राहावी, हा त्याचा क्रम होता. बाजार आपल्याला कपड्यापाशीच थांबवतो. माझी तक्रार आहे ती या थांबवण्याबद्दल.

आता शेवटचा माणूस. तोही याच मातीतला, आणि त्याची कर्मभूमी आपला विदर्भ. 1892 मध्ये तंजावरला एका ख्रिस्ती कुटुंबात जोसेफ कॉर्नेलियस यांचा जन्म झाला. लंडनमध्ये ते हिशेबतपासनीस झाले, मुंबईत त्यांनी व्यवसाय केला, मग अमेरिकेत सिरॅक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकले. हिंदुस्थानच्या दारिद्र्यात सरकारी करव्यवस्थेचा वाटा किती, याचा अभ्यास करताना त्यांना स्वतःचा देश नव्याने दिसला. कॉर्नेलियस हे नाव मागे ठेवून त्यांनी कुमारप्पा हे घराण्याचं नाव घेतलं. 1929 च्या मे महिन्यात ते साबरमतीला गांधीजींना भेटले. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पाकिटातून ओळख विकली गेली, त्याच वर्षी हा उंची राहणीचा हिशेबतपासनीस खेड्यांच्या पाहणीला निघाला.

1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि जे. सी. कुमारप्पा वर्ध्याला मगनवाडीत राहू लागले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ यांचे प्रयोग त्यांनी शास्त्रीय शिस्तीने चालवले. तुरुंगात लिहिलेलं त्यांचं चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक 1945 मध्ये आलं. निसर्गातले प्राणी कसे जगतात ते पाहून त्यांनी माणसांच्या व्यवहाराच्या पायऱ्या लावल्या. दुसऱ्याला मारून खाणारी, लुबाडणारी, स्वतः कष्ट करून मिळवणारी, समूहासाठी मिळवणारी आणि सर्वांत वरची सेवेची. अर्थतज्ज्ञ शुमाखरने पुढे ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ लिहिताना कुमारप्पांचा आधार घेतला. कुमारप्पांचं सांगणं असं होतं, की वस्तू विकत घेताना आपण केवळ पैसे देत नाही. ती वस्तू ज्या रीतीने झाली, त्या रीतीतल्या न्यायाचे किंवा अन्यायाचे आपण भागीदार होतो.

हा विचार आजच्या बाजाराला लावून पाहा. कपडा एवढा स्वस्त कसा, याचं उत्तर शिवणाऱ्या बाईच्या मजुरीत असतं. दहा मिनिटांत दाराशी आलेल्या पिशवीमागे भर पावसात दुचाकी हाकणारा मुलगा असतो. उपभोगातून आपली ओळख घडते हे बाजाराचं म्हणणं एका अर्थी खरंच आहे. पण ती ओळख छापातून दिसत नाही, त्या बाईशी आणि त्या मुलाशी आपलं नातं काय, यातून दिसते.

श्रोतेहो, कृतार्थ जगण्याचा काही नुस्खा माझ्याकडे नाही. तीन गोष्टी मात्र सुचवतो. पहिली, एखादं काम असं शिका, की ज्यात तुमच्या हाताची सफाई वर्षागणिक वाढेल. स्वयंपाक असो, बागकाम असो, मोडी वाचन असो की शेजारच्या मुलांना गणित शिकवणं असो. त्यात रोजची वाढ तुम्हाला स्वतःलाच दिसेल आणि दुसऱ्याशी तुलना करायला उसंत राहणार नाही. दुसरी, मोठी खरेदी करण्याआधी घरात बसून विचारा, की ही वस्तू आपल्याकडून काय करवून घेईल आणि ती घडवताना कुणाचं नुकसान तर झालेलं नाही. ठरवायला महिनाभर घ्या. तिसरी, मिळकतीतला ठरावीक हिस्सा सार्वजनिक कामाला द्या. गावचं ग्रंथालय, पाणवठा, शाळेची प्रयोगशाळा. तुमच्या नावाची पाटी लागो न लागो.

तरुण मित्रांना एक विनंती अधिक. तुम्ही कोण आहात, हे ठरवण्याचं काम कंपन्यांच्या हाती सोपवू नका. ते तुमचं काम आहे, आणि ते खरेदीने उरकत नाही, करण्याने होतं. कुमारप्पा 30 जानेवारी 1960 रोजी गेले, तेव्हा त्यांच्यामागे संपत्ती नव्हती. त्यांनी सुरू केलेल्या कामाची जागा मात्र वर्ध्यात आजही आहे. मुंबई-पुण्याहून ती एका रात्रीच्या प्रवासावर आहे. पुढच्या सुट्टीत एकदा तिथे जाऊन या.